हरभरा कोणी खाल्ला

माझा हरभरा पाखरांनी खाल्ला, हे मी गावभर सांगितलं. एकानंही खरं मानलं नाही! "पाखरू दाणे टिपते बाई, पाला का ढोरासारखा चरते?" चौथी शिकलेल्या बाईचं ऐकतो कोण? तळ्याकाठी शेत असलं की असे किस्से गाळासारखे साचत जातात. साठ-एकसष्टच्या हिवाळ्यात तर थरावर थर बसले.

आमचं शेत तिवशाकडच्या एका तळ्याला लागून. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात आम्ही हरभरा पेरायचो. दिवाळीनंतर तळ्यावर राखाडी हंस उतरायचे, डोक्यावर दोन काळे पट्टे. दिवसभर पाण्यात साधूसारखे बसायचे आणि झुंजुमुंजू झालं की माझ्या वावरात! गाव मात्र म्हणायचं, "शेवंताची बकरी." शेवंता माझी धुऱ्याशेजारीण, बांधाला बांध लागून. तिच्या घरानं बुद्धाची दीक्षा घेतल्यापासून गावात काहीही हरवलं की आधी तिचंच नाव निघे.

*

एका पहाटे वावरात गेले, तर काठावर पोतं हललं. म्हटलं, सापडला चोर! गोफणीतून ढेकूळ सोडलं. थर्मास फुटला आणि पोत्यातून चष्मेवाला माणूस निघाला. अमरावतीच्या कॉलेजातले लिमये प्रोफेसर. दर हिवाळ्यात दुर्बीण घेऊन यायचे म्हणे.

"अहो बाई, मी पक्षी बघतोय!"

"मंग डोक्यावर पोतं कावून घेतलं? पाखरांले लाज वाटते का तुमची?"

*

पुढं ते कॉलेजातल्या पोरापोरींना घेऊन यायला लागले. मी डबा बडवत वावरात उतरले की सगळे एकदम, "श्श्श!"

प्रोफेसर म्हणाले, "हळू, बाई. पक्षी उडतील."

"उडावं म्हणूनच तं बोंबलून राहिली मी!"

*

मग त्यांनी फर्मान काढलं, तळ्याकडं पांढरे कपडे घालून येऊ नका, पाखरं बुजतात. आमच्या गावात बाप्या म्हटला की पांढरं धोतर. आमचे हे म्हणाले, "मंग काय हिचं लुगडं नेसून येऊ?"

मी म्हटलं, "माह्या लुगड्याले हात लावून तं पाहा."

पांढरं पाहून पाखरं बुजतात ही माहिती मात्र कामाची होती. दुसऱ्या दिवशी घरातली सगळी धोतरं धुतली आणि वावरात वाळत घातली. प्रोफेसर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

*

धोतरं काय रोज वाळत घालता येत नाहीत. म्हणून बुजगावणं केलं, थेट प्रोफेसरांसारखं. खाकी सदरा, टोपी, गळ्यात दोन डबे दुर्बिणीसारखे. सकाळी पाहते तर हंस त्याच्या पायाशीच चरत होते!

प्रोफेसरांना राग येईल असं वाटलं होतं. त्यांचे तर डोळे भरून आले. "म्हणजे ते मला घाबरत नाहीत, बाई!"

*

माघात आमच्या ह्यांनी काय केलं, गावाचं ऐकून शेवंताची बकरी कोंडवाड्यात घातली. घरची एकुलती दुभती बकरी. शेवंता माझ्या दारात उभी.

"गयाबाई, तुमीबी?"

ह्यांना म्हटलं, "चला चावडीवर. आन् प्रोफेसरालेबी घ्या."

पटवारी म्हणाला, "रजिस्टरले चढलेली बकरी अशी सुटत नाही. दुसरा गुन्हेगार दाखवा."

प्रोफेसरांनी खिशातून पुडी काढली आणि रजिस्टरवरच उघडली. हंसांची विष्ठा! काडीनं फोडून दाखवली. "हा बघा हरभऱ्याचा पाला. बाई पहिल्या दिवसापासून खरं सांगताहेत. हे हंस हिमालयाच्या पलीकडून येतात."

सगळी चावडी पुडीवर वाकली. मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे छताकडं पाहत होते.

पटवाऱ्यानं नाकाला उपरणं लावलं. "पाखरानं खाल्लं, कबूल. पन हा रकाना पाहा. जनावराच्या मालकाचं नाव. हा कोरा ठेवता येत नाही. नाव नाही तं बकरीची सुटका नाही."

शेवंता कोंडवाड्याच्या वाटेकडं पाहायला लागली.

पटवारी टाकाचं टोक चावत बसला. मग म्हणाला, "साहेब, हे पाखरं येतात कधी?"

"दिवाळीनंतर."

"आन् तुमी?"

"मीही तेव्हाच."

"जातात कधी?"

"होळीच्या सुमारास."

"आन् तुमी?"

"अं... तेव्हाच. पुढं परीक्षा असतात ना."

"तुमाले वळखतात?"

प्रोफेसरांची मान ताठ झाली. "अगदी चांगलं ओळखतात!"

पटवाऱ्यानं टाक दौतीत बुडवला. "शेवंताबाई, जा. सोड तुही बकरी."

शेवंता धावतच गेली. मी वाकून रजिस्टर वाचलं. मालकाचं नाव: श्री. गोविंद केशव लिमये, प्रोफेसर, अमरावती.