नव्वदमधले चार दिवस

१५ जून, शनिवार. कोलोन. चर्चच्या तळघरातला हॉल, सकाळी दहा ते एक.
हजर — पाको (गिटार), डिएगो (कोंगा आणि ड्रम मशीन), सानिका (गाणं), शिरीष (बेस गिटार), आई (टाळ्या), मी (बाकीचं सगळं).
गैरहजर — कोणी नाही.

ही नोंद माझ्या सहा वर्षांपूर्वीच्या डायरीतली. अक्षर माझंच, ओळी सरळ. त्याच्या पुढच्या पानावर जे आहे ते मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. शिरीषला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, देवासमोर उभं राहूनही नाही — तिथे मी निरांजनात तूप आहे ना, तेवढंच बघते. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आधी माणसं सांगते. क्रमाने गेलं की मला सोपं पडतं.

शिरीष माझा नवरा, गाड्यांचे गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. पाको त्याच्याच विभागातला. पाकोचे वडील तरुणपणी स्पेनच्या दक्षिणेतून इथल्या कारखान्यात कामाला आले. पाको जन्मला इथेच, जर्मनही अस्सल कोलोनचं बोलतो, पण गिटार हातात घेतली की वडिलांच्या गावचा होतो. डिएगो कोलंबियाचा. सानिका पुण्याची, पीएच.डी. करणारी. या चौघांनी ग्रुप काढला — खाली डिस्कोचा ठोका, मध्ये डिएगोचा कोंगा, म्हणजे लॅटिन ढोल, वर पाकोचं स्पॅनिश फ्लॅमेंको. आणि मी? मला सूर नाही, ताल तर त्याहून नाही. मला याद्या येतात. हॉलचं बुकिंग, आवाजाची परवानगी, कुठली केबल कुठल्या खोक्यात — ते माझं.

सुरुवातीला त्यांचं काही जमत नव्हतं. डिस्को चार-चार पावलांनी चालतो. पाकोचं आवर्तन बाराचं, आणि जोर भलत्याच ठिकाणी — तीनवर, सहावर, मग आठ, दहा, बारा. दोन्ही एकदम वाजली की लग्नाच्या पंगतीत दोन वाढपी एकमेकांना धडकतायत असं वाटायचं.

त्या वर्षी मार्चअखेरीला आई — माझ्या सासूबाई — सांगलीहून आल्या. व्हिसा नव्वद दिवसांचा. सासरे गेलेले, इथे घरी त्यांना एकटं कसं ठेवायचं, म्हणून शनिवारी तालमीला घेऊन गेले, सोबत सोलायला मटारची पिशवी दिली. थोड्या वेळाने बघते तर मटार तसेच. आई खुर्चीत बसूनच कमरेतून किंचित पुढे वाकत टाळ्या देत होत्या. झिम्म्याच्या टाळ्या. पाकोने गिटार थांबवली.

"अगं वैशाली, रागावला का गं तो?"

रागावला नव्हता. खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसला आणि बोटाने खूण केली — पुन्हा.

"त्याला म्हणावं, तुझं गाणं दहाला लंगडतं आणि बाराला सावरतं. मी नुसता हात धरला."

मी जर्मनमध्ये सांगितलं. पाको डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला आणि म्हणाला, "ह्या बाई माझ्या आजीच्या गल्लीतल्या आहेत, तुम्ही पळवून आणल्यात."

सांगलीत श्रावणात आईंना तीन-तीन घरची बोलावणी असायची. मंगळागौर जागवायची तर त्या हव्यातच. त्यांचा आठवा ठोका केसभर उशिरा पडायचा. झिम्म्यात वाकून, उठून मग टाळी द्यायची असते. तो उशीर त्यांच्या अंगातच मुरला होता, बसून वाजवल्या तरी जायचा नाही. पाको म्हणायचा, सगळं गाणं त्या केसाला टांगलेलं आहे. ग्रुपला तोवर नाव नव्हतं. सानिकाने ठेवलं — 'टाळी'.

मे महिन्यात आम्ही गल्लीतल्या एका उत्सवात वाजवलं. मग ड्युसेलडॉर्फच्या एका क्लबात. लोक नाचायचे, आणि नाचून झालं की आईंभोवती जमायचे. जर्मन बायका त्यांचे तळवे उघडून बघायच्या. आई नऊवारीत, पायात माझे पांढरे स्पोर्ट्स शूज, सगळ्यांना "या, या" — म्हणजे हो, हो — म्हणत मान डोलवायच्या. तेवढंच जर्मन त्यांना यायचं आणि तेवढंच पुरायचं.

आता मी तिकडे वळते आहे. वळते आहे ना? की अजून मटारच सोलते आहे?

फ्रँकफर्टला मराठी मंडळींचा कार्यक्रम होता. तिथे जायची व्यवस्था माझी, स्टेजचं वेळापत्रक माझं, ऐनवेळी बिघडलेला माईक बदलून आणला तो मीच. कार्यक्रम संपल्यावर एक बाई आल्या. म्हणाल्या, "तुम्ही टाळीवाल्या आजींच्या सूनबाई ना? जरा ही पर्स धरता? आम्हाला आजींबरोबर फोटो काढायचाय." मी पर्स धरली. चार जणींच्या धरल्या. परत येताना गाडीत गाणं लागलं होतं, मी नकळत मांडीवर ताल धरला. सानिका मागून म्हणाली, "वैशालीताई, तुम्ही नको हं, पाकोला घाम फुटतो!" सगळे हसले. मीही हसले. आई हसल्या नाहीत. त्यांनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

हे कारण नाही. एवढ्यासाठी कोणी असं करत नाही. आणि तो खांद्यावरचा हात — खरं सांगू? — त्याचाच मला जास्त राग आला होता.

जूनमध्ये पहिलं गाणं रेकॉर्ड करायचं ठरलं. स्टुडिओ ड्युसेलडॉर्फला, शनिवार २२ जून. आईंचे नव्वद दिवस भरत होते मंगळवारी, २५ तारखेला. व्यवस्थित बसत होतं. पंधरा तारखेची ती तालीम, जिची नोंद वर दिली, स्टुडिओआधीची शेवटची. मी ती फोनवर रेकॉर्डही केली, कारण मी सगळंच ठेवते. त्या दिवशी सानिका आईंना म्हणाली, "आजी, स्टुडिओतला माईक फार कान देऊन ऐकतो, तुमच्या पाटल्या वाजतील." दुसऱ्या दिवशी आई बेसिनपाशी उभ्या राहिल्या आणि साबण लावून दोन्ही पाटल्या काढल्या. लग्नानंतर पहिल्यांदा निघाल्या होत्या. मनगट लाल झालं. "सोलवटलंय खरं, पण आवाज स्वच्छ येईल बघ," म्हणाल्या, आणि मला दोन टाळ्या वाजवून दाखवल्या.

सोमवारी मी त्यांचं तिकीट बदललं. मंगळवारचं होतं, शुक्रवारचं केलं.

हे असं लिहिलं की किती छोटं दिसतं. एक तारीख पुढची होती, ती अलीकडे आणली.

संध्याकाळी जेवताना सांगितलं — माझी मोजण्यात चूक झाली, दिवस मंगळवारी नाही, शुक्रवारीच भरतात, एकही दिवस जास्त झाला तर पुढच्या वेळी व्हिसा मिळणार नाही. शिरीषने पासपोर्ट उघडून शिक्का पाहिला का? नाही. आमच्या घरात मी मोजलेलं कोणी पुन्हा मोजत नाही. मला चूक कबूल करायची सवय नाही, हे माझ्या माणसांना माहीत आहे. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा आपणहून चूक कबूल केली, आणि ती चूक मी केलेलीच नव्हती.

आई घास हातात धरून थांबल्या. "म्हणजे शनिवारचं?"

"नाही जमणार, आई."

त्यांनी घास परत ताटात ठेवला. मग त्याच म्हणाल्या, "असू दे गं. एवढ्या सगळ्यात एखादी चूक व्हायचीच. तू माणूस आहेस, कॅलेंडर नाहीस." आणि माझ्या ताटात त्यांच्या वाटणीची भाकरी ठेवली.

अजून एक आहे, तेही सांगून टाकते. पाकोने विचारलं, स्टुडिओ आधीचा दिवस देईल का? स्टुडिओने गुरुवार देऊ केला होता. तो ईमेल फक्त मला आला. मी ग्रुपला कळवलं, दुसरा दिवस नाही.

शुक्रवारी विमानतळावर आईंचे हात बोडके होते. पाटल्या रुमालात बांधून पर्समध्ये ठेवल्या होत्या. मी म्हटलं, घालून टाका, हरवतील. "घालताना परत सोलवटेल," म्हणाल्या, "सांगलीला जाऊन घालीन निवांत." सुरक्षा तपासणीच्या रांगेतून त्यांनी वळून हात केला. मी यादी बघत होते — पासपोर्ट, गोळ्या, व्हीलचेअरची विनंती. सगळ्यांवर खुणा होत्या.

स्टुडिओत टाळ्या दिल्या पाकोच्या मावसबहिणीने, कार्मेनने. ती चांगली वाजवते. पण रेकॉर्ड करणारा येन्स नंतर मला फोनवर म्हणाला, टाळ्या अगदी बरोबर आहेत, आणि म्हणूनच गाणं पडतंय. तालमीचं काही आहे का तुझ्याकडे? मी पंधरा जूनची फाइल पाठवली. त्याने कार्मेनच्या टाळ्या काढल्या, आईंच्या बसवल्या. मागे पाटल्यांची बारीक किणकिण येते, ती काढू का, असं त्याने विचारलं, आणि स्वतःच म्हणाला, नको, राहू दे. हे कोणाला सांगू नकोस, असं मी त्याला म्हटलं. कार्मेनला वाईट वाटेल, म्हटलं. "गेनाऊ," म्हणाला तो, त्याला ते पटलं. गाण्याबरोबर जाणारी नावांची यादी मी टाइप केली. टाळ्या — कार्मेन.

त्यानंतरची गोष्ट तुम्ही कदाचित ऐकली असेल. पुढच्या वर्षी सगळ्यांची दारं बंद झाली आणि ते गाणं लोकांच्या फोनवर शिरलं. कोणी स्वयंपाकघरात, कोणी बाल्कनीत त्या बारा टाळ्या वाजवत होतं, आठवीवर अडखळत होतं आणि पुन्हा करत होतं. दारं उघडली तेव्हा 'टाळी'ला मोठी स्टेजं मिळाली, रेडिओ मिळाला, हॅम्बुर्गपासून म्युनिकपर्यंत बोलावणी आली. मला ओळखतात आता. कोणी पर्स धरायला देत नाही. पाकोने एकदा गाडीत ते गाणं चालू असताना माझ्याकडे बघितलं, जरा जास्त वेळ.

आणि आई?

शिरीषने त्यांना गाणं पाठवलं होतं. त्यांचा फोन आला. "टाळ्या कोणाच्या गं?" मी म्हटलं, पाकोची बहीण आहे, कार्मेन, स्पेनकडचीच, लहानपणापासून शिकलेली. "हां," म्हणाल्या, "शिकलेल्या माणसाचं वेगळंच." मग जरा वेळाने, "आठव्याला तिचाही हात उशिरा पडतो बघ, माझ्यासारखा. आणि तिच्याही हातात पाटल्या आहेत वाटतं. तिला कोणी काढायला नाही सांगितल्या?"

मी काय बोलले, ते मला आठवत नाही. मला सगळं आठवतं, पण ते आठवत नाही.

गाणं बाहेर आलं, त्या वर्षीच्या गणपतीत आम्ही व्हिडिओवर सांगलीची आरती पाहिली. माझी नणंद, तिची मुलं, शेजारी, सगळे टाळ्या देत होते. आई मधोमध उभ्या होत्या, हात जोडून. मला वाटलं, मनगट दुखत असेल. पुढच्या वर्षीही तेच. नणंद म्हणाली, "अगं, आई आता टाळ्या देतच नाही. मंगळागौरीची बोलावणी येतात, जात नाही. म्हणते, मला वाटायचं मला येतं, पण तिकडच्या लोकांनी शेवटी शिकलेलीच घेतली ना." हे ती सहज सांगत होती, कणीक तिंबता तिंबता. आणि पुढे म्हणाली, "पाटल्याही परत घातल्या नाहीत तिने."

जिच्या टाळ्यांवर अर्धं जर्मनी नाचतं, ती बाई आरतीला हात जोडून उभी राहते. हे मी केलं. कोणी मला भाग पाडलं नव्हतं.

सांगायला सहा वर्षं होती. मी काय केलं? यादीत लिहिलं. 'आईंना फोन — टाळ्या.' दर आठवड्याला न झालेली कामं पुढच्या पानावर उतरवायची माझी पद्धत आहे, तसं हे उतरवत राहिले. सहा डायऱ्या. दरम्यान आईंचे गुडघे गेले, त्या इथे परत आल्या नाहीत. मग उजवा कान गेला. गेल्या महिन्यात नणंदेने सांगितलं, डॉक्टर म्हणतात डाव्याचाही भरवसा नाही, वर्ष काढेल की नाही. म्हणजे आता नुसतं सांगून भागणार नाही. ते गाणं लावून, त्यांना ऐकू येत असताना सांगायला हवं. सांगितल्यावर शिरीषलाही कळेल. सगळ्यांनाच कळेल. मला ते माहीत आहे.

आज शनिवार. दुपारी साउंड चेक, संध्याकाळी इथेच, ऱ्हाइनकाठी, मोकळ्यावर कार्यक्रम. माझी यादी समोर आहे. केबलची खोकी गाडीत — झालं. पार्किंगचे पास छापले — झालं. सानिकासाठी गरम पाण्याचा थर्मास — झालं. नावांची यादी स्टेजवाल्यांना पाठवली — झालं, टाळ्यांसमोर कार्मेनच.

इथे अकरा वाजलेत, म्हणजे सांगलीत अडीच. आईंचं जेवण झालं असेल, पण झोपल्या नसतील. फोन उशाशी असतो, डाव्या बाजूला.

आईंना फोन — टाळ्या. यापुढचा चौकोन रिकामा आहे.