परत वाजवलेली ती ओळ

महाजन सरांना मी पहिल्यांदा पाहिले ते बुऱ्हाणपूरच्या इतवारा बाजारात, सायकलच्या हँडलला व्हायोलिनची पेटी अडकवून केळी निवडताना. एक फणी निवडायला सरांना अर्धा तास लागे. तारा सुरात लावायलाही तेवढाच.

सर गणिताचे शिक्षक. पाश्चात्त्य नोटेशन ते भुसावळच्या रेल्वेतल्या एका गोवेकर वादकाकडून शिकले. छप्पन्न साली राज्याची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, तेव्हा त्यांचे बरेच मराठी सहकारी बुऱ्हाणपूर सोडून गेले. सर राहिले, आणि त्याच दिवसांत त्यांनी चार तंतुवाद्यांची चौकडी जमवली. व्हायोला आणि चेलो वाजवणारे दोघे भुसावळहून पॅसेंजरने येत. दुसऱ्या व्हायोलिनवर पोस्टातला कारकून, म्हणजे मी. व्हायोलिनही सरांनीच दिलेले.

धर्मशाळेच्या सभागृहात पहिला कार्यक्रम झाला. युरोपातल्या विशीतल्या तरुणांनी सव्वाशे वर्षांपूर्वी लिहिलेल्या रचना आणि समोर आमचे विणकर, केळीवाले. संथ भागात सुरावट माझ्याकडे आली. पहिल्या रांगेतले एक वृद्ध व्यापारी मान डोलावत म्हणाले, “वाह, छोटे मास्तर. अजून एक बार होऊ द्या.”

दाद मिळाली की तीच ओळ परत घ्यायची, अशा आपल्या मैफिलीत वाढलेला मी. ती ओळ परत वाजवून मोकळा झालो. बाकीचे तिघे पुढे निघून गेले होते. चार वाद्ये चार वाटांना लागली आणि सगळेच थांबले. मला धरणी दुभंगावी असे झाले.

सर उठले आणि लोकांना म्हणाले, “चूक माझी झाली. मीच याच्याबरोबर त्या ओळीकडे परत यायला हवं होतं.” त्यांनी तो भाग पुन्हा सुरू केला.

दुसऱ्या दिवशी मी व्हायोलिन परत करायला गेलो. पुन्हा हात लावायचा नाही, असे ठरवूनच. सरांनी पेटीकडे पाहिलेही नाही. चौघांचे कागद काढले आणि त्या ओळीपाशी शाईने दोन-दोन ठिपके दिले. नोटेशनमध्ये ती ‘परत वाजवा’ची खूण.

“आता चूक कुठे राहिली?” ते म्हणाले. “जा, सराव कर.”

मी पेटी घेऊन घरी आलो. माझ्या आयुष्यात पुढे जे संगीत आले ते त्या दोन ठिपक्यांमुळे. हे ऋण मी आज सर्वांसमक्ष आनंदाने मान्य करतो.

सरांच्या पंचाहत्तरीला आम्ही तीच रचना वाजवणार आहोत, ती ओळ दोनदा घेऊन. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. वर बसून आयुष्याची पाने लिहिणारा कोणी असेल, तर त्याने सरांच्या या पंचाहत्तर वर्षांच्या पानाशेवटीही ‘परत वाजवा’चे तेच दोन ठिपके द्यावेत.