आठ नंबर रिकामी नाही

लॉजमध्ये गाद्या-चादरी घालणाऱ्या बाईंना सगळे इस्त्रीमावशी म्हणत. खरं तर इस्त्रीला त्या हातही लावत नसत. पण त्यांनी हात फिरवलेल्या चादरीवर सुरकुती शोधून दाखवा, असं खुद्द मॅनेजर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. बावीस वर्षांच्या नोकरीत मावशींचा एकच बाणा. खोलीत पाऊल टाकणाऱ्याला वाटलं पाहिजे, की इथे आपल्याआधी कोणी आलंच नव्हतं.

मग साथ आली. पाहुणे बंद झाले आणि सरकारने लॉज ताब्यात घेतला. भाडेकरूंना भाड्यासाठी मदत, घर घेतलेल्यांना कर्जाच्या हप्त्यांत सवलत, अशा बऱ्याच योजना तेव्हा निघाल्या. ज्यांना ना घर होतं ना घरमालक, त्यांच्या वाट्याला या खोल्या आल्या. मावशींनी आधी नाक मुरडलं. आता आपल्या चादरींचं काय होणार, या काळजीने दोन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही.

आठ नंबरात छत्रीवाले काका आले. छत्र्या दुरुस्त करायचा धंदा, आणि झोपायला अकरा वर्षं बसथांब्याचं बाकडं. पहिली बस यायच्या आत गाशा गुंडाळायची त्यांना इतकी सवय, की इथेही ते उजाडताच पिशवी भरत, ती खांद्याला लावून जिन्याच्या पायरीवर बसत आणि संध्याकाळीच वर जात. अशा माणसावर मावशी खूश न झाल्या तरच नवल. काका खाली उतरले, की दहा मिनिटांत आठ नंबर लख्ख. राहावं तर असं, असं त्या बाकीच्यांना येता-जाता ऐकवायच्या.

तिथेच घात झाला. जो खोलीत राहतच नाही, त्याची खोली यादीतल्या पुढच्या माणसाला द्यायची, असा योजनेचा नियम होता. तपासनीस साहेब आठवड्यात तीनदा येऊन गेले. तिन्ही वेळा आठ नंबरात ना कपडा, ना चप्पल, ना गादीवर कोणी बसल्याची खूण. तिसऱ्या वेळी जिन्यात पिशवीवाले काका दिसले, तेव्हा त्यांनी सरळ विचारलं, इथे राहता का? हा प्रश्न अकरा वर्षांत काकांना फक्त पोलिसांनी विचारला होता. उत्तर तोंडात तयारच होतं.

"नाही साहेब, निघालोच."

दुसऱ्या दिवशी कागद आला. आठ नंबर रिकामी आहे, उद्या बारा वाजता नवा माणूस येईल.

मावशींच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांनी मॅनेजरांना फोनपाशी बसवलं आणि हलूच दिलं नाही. शेवटी साहेब एवढंच कबूल झाले, की उद्या अकराला पुन्हा बघतो, खोलीत माणूस राहतोय असं दिसलं तर ठीक. बाहेर संचारबंदी, बसथांब्याला दोऱ्या बांधलेल्या. म्हातारा जाणार कुठे? आपल्याच हातांनी आपण त्याला बाहेर काढला, हे मावशींच्या मनाला फार लागलं. सकाळी काही म्हणजे काही आवरायचं नाही, असं त्यांनी काकांना तीनतीनदा बजावलं. काका हो हो म्हणाले.

पावणेअकराला मावशी वर गेल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला. चादर अशी घातलेली, की खुद्द त्यांनाही जमू नये. काका पिशवी खांद्याला लावून दाराशी उभे.

"काय सांगितलं होतं मी, काका?"

"जायचंच आहे ना ताई. मग तुमच्यासाठी कशाला काम ठेवायचं?"

मावशींना रडू आलं, आणि रडू आलं की त्यांचं डोकं फिरायचं. त्यांनी चादर खसकन ओढली. उशी भिरकावली. पिशवी हिसकावून गादीवर उपडी केली. छत्रीच्या काड्या, पक्कड, दोन सदरे, दाढीचं सामान, सगळं पसरलं. तेवढ्याने समाधान होईना. ज्यावरून बावीस वर्षं पाहुण्यांना फैलावर घेतलं, तो ओला टॉवेल त्यांनी मनावर दगड ठेवून गादीच्या मधोमध टाकला.

"बसा आता त्यात," त्या म्हणाल्या. "आणि विचारलं तर राहतो म्हणायचं."

साहेब आले. त्यांनी दारातूनच पसारा पाहिला आणि तोच प्रश्न विचारला. काकांच्या ओठांवर नेहमीचं उत्तर आलंच होतं. त्यांनी काड्यांकडे पाहिलं, सदऱ्यांकडे पाहिलं.

"राहतो," ते हळूच म्हणाले. "हे सामान माझंच आहे."

साहेबांनी कागदावर खूण केली आणि ते खाली उतरले. त्यांची पाठ वळते न वळते तोच मावशींचे हात शिवशिवले. त्या चादरीचं टोक धरणार, एवढ्यात काका म्हणाले, "असू द्या ताई. जरा पडतो."

सकाळचे अकरा वाजले होते. इतकी वर्षं दिवसाउजेडी आडवं व्हायची त्यांना कुठे सोयच नव्हती. काकांनी सामान एका अंगाला सारलं, पाय ताणले आणि बघता बघता घोरायला लागले. मावशींनी तो ओला टॉवेल तेवढा उचलला, चादर तशीच विस्कटलेली राहू दिली आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं.