तेलिणीच्या रेघा

कापसाला सोन्याचा भाव आला, त्या वर्षांत आमच्या अमरावतीच्या घरातले पुरुष शेटजीसारखे चालू लागले होते. दिवसभर कापसाच्या बाजारात, घरी फक्त जेवायला. वावरभर कापूसच पेरलेला. जवस पेरायची कोणाला सवड नव्हती. मग दिव्याचं तेल महागलं, आणि खापर फुटलं नव्या सुनेवर, म्हणजे माझ्यावर.

तेलीण दारात येऊन नवटाकभर तेल घाली आणि बोट गेरूत बुडवून भिंतीवर एक रेघ ओढी. महिना भरला की रेघा मोजायच्या, पैसे द्यायचे, भिंत सारवून घ्यायची. त्या महिन्यात रेघा भलत्याच भरल्या. माझ्या सासूबाईंनी, त्यांना मी आत्याबाई म्हणे, तिथंच निकाल दिला: ही दिवा जाळत बसते, उधळपट्टी थांबल्याशिवाय दिवाळीला माहेर नाही. माझं माहेर बार्शीटाकळीचं आणि लग्नानंतरची पहिली दिवाळी. मी नुसती धुमसत होते. जेवणं आटोपताच दिवा मालवणारी मीच. तेलिणीला खोटी म्हणावं, तर ती बाई मापावर चार थेंब जास्तच घालायची.

नवा महिना लागला तशी मी त्या कोऱ्या भिंतीवर डोळा ठेवला. मंगळवारी तेलीण फिरकली नाही, तरी भिंतीवर लाल रेघ उमटलीच. शुक्रवारी मी डाळ निवडायला दाराशीच बसले. आत्याबाई आल्या, तुळशीला कुंकू वाहिलं, आणि बोटाला उरलेलं कुंकू, सौभाग्याचं ते धुवायचं कसं, म्हणून सवयीनं भिंतीला पुसलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

हसू दाबत मी विचारलं, "आत्याबाई, आज तर तेल नाई घेतलं. मंग ही रेघ कायची?"

त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग बोटाकडे. चुकलं म्हणतील तर त्या आत्याबाई कसल्या. हात पदराआड घेऊन आत गेल्या आणि उद्याच गाडी जुंपायला सांगितली. मी मोठ्या तोऱ्यात गाठोडं बांधायला बसले, तशा त्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊबीज झाली का लगेच इकडं याले निंग. तू नसली का मले बोलाले कोनी नाई या घरात."

माझा तोरा कुठल्या कुठे गेला. एवढं सांगायचं होतं आणि बाईंनी भांडण काढलं तेलावरून. डोळे भरून आल्यामुळं गाठोड्याची गाठ काही बसेना. शेवटी त्यांनीच खाली बसून ती मारून दिली.