बिनफायटिंगची कॅसेट
तापलेल्या वायरचा वास आला की आमच्या धावड्याच्या घरातली एक दुपार आठवते. बहिणीचं लग्न होऊन आठवडा झाला होता, तिला माहेरी घेऊन तिचे सासरे पाहुणे आले म्हणून भोकरदनहून भाड्यानं व्हिडिओ आणला होता. आमच्याकडे सिनेमा फायटिंगवर मोजत. दुकानदार एक कॅसेट दाखवून म्हणाला, "घ्या, सात फायटिंग हायेत." पण तसल्या सिनेमांतले हरवलेले भाऊ आणि आंधळी आई बघून मी कंटाळलो होतो, म्हणून बिनफायटिंगची मागितली. खिडकीला गोधडी लावून अंधार केला, बाया आत चुलीपाशी होत्या, आणि सिनेमात दोन म्हातारे शेजारी एका बकरीवरून भांडत होते. अर्ध्या तासानं सासऱ्यांनी विचारलं, "फायटिंग कव्हा हाय?" मी म्हणालो, "न्हाई मामा, बिलकुल न्हाई." वडिलांनी माझ्याकडं रोखून बघितलं; व्याही रुसले तर बोलणी बहिणीला बसणार होती. तेवढ्यात बकरीनं एका म्हाताऱ्याचं धोतर खाल्लं आणि मामा हसायला लागले ते थांबेचनात. शेवटी डोळे पुसत त्यांनी विचारलं, "कोनीच मेलं न्हाई ना ह्याच्यात?" "न्हाई." "मंग पुना लाव. सूनबाई, भाकरी राहू द्या, समद्या बाया हिकडं येऊन बसा." बहीण सासऱ्यांच्या मागं बसून तोंडाला पदर लावून हसली. आठवीत शाळा सोडलेला मी आता सुरतेला कापडाच्या मागावर कामाला असतो; काहीही निवडायचं म्हटलं की अजून वडिलांची ती नजर डोळ्यापुढं येते, पण मामांचे उपकार आठवतात आणि निवडून टाकतो.