प्योदादांचं बायकोवरचं वाक्य

आमच्या तोंगयोंग बंदरात चारचौघांत बायकोची स्तुती करणाऱ्याला बावळट म्हणतात. माशाच्या रश्श्याचे दोन वाडगे फस्त करून "आज जरा खारट झालंय" म्हणणारा, तो सभ्य गृहस्थ. प्योदादांइतका सभ्य गृहस्थ तर अख्ख्या धक्क्यावर नव्हता. उभा जन्म जहाजांना वेल्डिंग केलं, पण बायकोसाठी तोंडातून एक गोड शब्द नाही.

दादांची बायको, म्हणजे आमच्या सुनबोकवहिनी, कालवं सोलतात. त्यांच्या सुरीचा हात भल्याभल्यांना जमलेला नाही. या हंगामानंतर त्या सुरी खाली ठेवणार होत्या. त्याआधी एकदा तरी त्यांच्याबद्दल सगळ्यांदेखत चांगलं बोलायचं, असं दादांनी मनाशी ठरवलं. आपल्या भाषेत जीभ रेटेना, म्हणून ते आमच्या म्हाताऱ्यांच्या इंग्रजी वर्गात येऊन बसले. सोजू दारूचा दुसरा पेला पोटात गेल्यावर दादांनीच मला हे सांगितलं.

वर्गाच्या समारोपाला घरच्यांसमोर एकेक वाक्य बोलायचं होतं. त्यासाठी आमच्या शिक्षिका गूबाईंनी नवं क्रियापद दिलं, आयडलाइज.

"एखाद्याला इतकं डोक्यावर घ्यायचं, की त्याचे दोषच दिसेनासे होतात."

"आणि दिसत असले तर?" दादांनी विचारलं.

"मग हे क्रियापद नाही चालणार."

"मेलो!" दादा माझ्या कानाशी पुटपुटले. "मला तर सगळेच दिसतात."

समारोपाला वहिनी पहिल्या रांगेत. दादा घाम पुसत उभे राहिले आणि इंग्रजीत म्हणाले, "मी माझ्या बायकोला आयडलाइज करत नाही."

बाईंनी अर्थ सांगितला. पुरुषमंडळींनी माना डोलावल्या. वहिनी मांडीवरच्या पिशवीकडे बघत राहिल्या.

दादांचं इंग्रजी तिथंच संपलं होतं. पण ते खाली बसले नाहीत. आपल्या बंदराच्या रांगड्या बोलीत सुरू झाले, "ही घोरते. पत्त्यांत फसवते. भांडताना माझ्या आईलाही मध्ये ओढते. मला सगळं दिसतं, डोळे शाबूत आहेत माझे. आणि त्याच डोळ्यांनी सांगतो, हिच्या तोडीचं माणूस मी बघितलं नाही. आमचं घर हिच्या हातांवर उभं आहे."

"बावळट रे बावळट!" मागून कुणीतरी ओरडलं.

"आहेच!" दादा छाती काढून म्हणाले.

वहिनी उठल्या. "पत्त्यांत मी फसवत नाही हो. तुम्हालाच खेळता येत नाही."

हॉल हसून लोटपोट. बाहेर पडताना मात्र वहिनी दारात ठाण मांडून, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकीला विचारत होत्या, "आमच्या ह्यांचं इंग्रजी ऐकलंत ना?"