डबीतलं वंगण

लेकीकडे परदेशात आले आहे. सकाळी गॅरेजमधल्या टेबलाशी ती आणि माझ्या गोऱ्या विहीणबाई बंदुकीची वापरलेली पितळी काडतुसं पुन्हा भरायच्या तयारीला बसतात. भरण्याआधी रिकामं काडतूस साच्यात दाबून मूळ मापावर आणायचं, आणि ते आत अडकू नये म्हणून थोडंसं वंगण लावायचं. विहीणबाईंना स्प्रे पसंत नाही. त्यांच्या डबीत मेंढीच्या लोकरीचं मेण असतं. झाकण उघडलं की थेट घोंगडीचा वास.

लेक चिमूटभर मेण बोटांवर चोळते आणि एकेक काडतूस हळुवार फिरवते. ही तीच मुलगी, जी मी तेलाची वाटी घेतली की घरभर पळायची. दोन गुडघ्यांत डोकं धरून ठेवावं लागे.

"कुणी गं शिकवलं?" उत्तर दिसत असूनही मी विचारलं.

"मॉमनी."

सासूला किती सहज मॉम म्हणाली! या वयात, परक्या घरात, असा हेवा करायची लाज वाटावी. तरी हट्टाने मीही एक काडतूस उचललं आणि चांगलं माखून दिलं. साच्यातून बाहेर आलं, तर काडतुसाच्या निमुळत्या मानेखाली हा एवढा पोचा.

लेकीने त्यावरून अंगठा फिरवला. "आई, जास्त झालं की असंच होतं. तू नेहमीच जास्त लावायचीस."

मी पदराला हात पुसले. बोटांना विहीणबाईंच्या डबीचा वास येतच राहिला.